औषधाची चिठ्ठी : कागदावरून पडद्यावर

आपल्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम मनात आले की, नेहमीप्रमाणे मधुमेह किंवा गुडघेदुखी यांवर माहितीपर लेख लिहावा. परंतु गेली काही वर्षे एक विषय मला स्वस्थ बसू देत नाही. तो विषय म्हणजे आपण दररोज रुग्णाच्या हाती देतो ती औषधाची चिठ्ठी. ही चिठ्ठी आता हळूहळू कागदावरून संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जाऊ लागली आहे. या बदलाचे स्वागत करावे की त्याच्याकडे संशयाने पाहावे, याबद्दल आपल्या व्यवसायबंधूंत आणि औषधविक्रेत्यांत मतभेद आहेत. माझे मत स्वागताचे आहे. मात्र ते विनाअट नाही. त्या अटी कोणत्या आणि त्या का घातल्या पाहिजेत, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

बाटलीवरची कातरलेली पट्टी

माझे बालपण निपाणीत गेले. त्या काळी गल्लीतल्या दवाखान्यात चिठ्ठी हा प्रकार फारसा नव्हता. डॉक्टर नाडी पाहत, जीभ पाहत, आणि लाकडी फळीपलीकडच्या कंपाउंडरला दोन शब्द सांगत. कंपाउंडर मोठ्या बरण्यांतून गुलाबी किंवा तांबूस मिक्श्चर आपण घरून नेलेल्या बाटलीत ओतून देई आणि बाटलीच्या अंगावर खळीने कागदाची एक पांढरी पट्टी चिकटवी. त्या पट्टीच्या कडा कात्रीने दात्यांसारख्या कातरलेल्या असत. एक दाता म्हणजे एक डोस. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांना अक्षरओळख नव्हती; पण त्या पट्टीवरचे दाते त्यांना बिनचूक वाचता येत. आजार बळावला तर मंडळी मिरजेला, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशनच्या दवाखान्यात जात.

पुढे कारखान्यात तयार झालेल्या गोळ्या आल्या, कंपन्यांची नावे आली, औषधाचे दुकान दवाखान्यापासून वेगळे झाले आणि त्या दोहोंमध्ये चिठ्ठी आली. चिठ्ठीमुळे औषध शास्त्रशुद्ध झाले, यात शंका नाही. पण रुग्णाला स्वतःला वाचता येणारी ती पट्टी मात्र त्या उलाढालीत हरवली. तिच्या जागी जो कागद आला तो इंग्रजीत होता, लॅटिन संक्षेपांत होता, आणि आम्हा डॉक्टरांच्या अक्षरांत होता. ज्याच्यासाठी तो लिहिला जातो त्याला सोडून इतरांनीच वाचायचा कागद, असे त्याचे स्वरूप झाले. आणि कित्येकदा त्या इतरांनाही तो वाचता येत नाही.

एक कबुली

माझ्या अक्षराविषयी माझे सहकारी थट्टा करीत आणि मीही त्यात सामील होत असे. २०११ सालच्या पावसाळ्यात ती थट्टा संपली.

निपाणीजवळच्या एका खेड्यातील साठीच्या घरातल्या एक मावशी माझ्याकडे येत. आयुष्यभर विड्या वळलेल्या. बोटांचे सांधे सुजून वाकडे होऊ लागले होते. तपासण्यांनंतर संधिवाताचे निदान पक्के झाले आणि मी त्यांना मेथोट्रेक्सेट सुरू केले. हे औषध सांध्यांसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, हे या स्मरणिकेच्या वैद्यकीय वाचकांना सांगणे नलगे. इतर वाचकांसाठी सांगतो की, मोठ्या मात्रेत हेच औषध कर्करोगावर वापरतात आणि सांधेदुखीची छोटी मात्राही दररोज घेतली तर ती शरीरातील रक्तपेशी तयार होण्याची प्रक्रियाच मंदावते.

मी चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहिले, साडेसात मिलिग्रॅम लिहिले आणि पुढे 'आठवड्यातून एकदा' यासाठी इंग्रजीतील दोन अक्षरे, ओ आणि डब्ल्यू, खरडली. घाईत त्या डब्ल्यूचा डी झाला. इंग्रजी ओ-डी म्हणजे 'दररोज एकदा'. किती गोळ्या द्यायच्या, हे मी लिहिलेच नाही. औषधविक्रेत्याने दहा गोळ्यांची पट्टी दिली आणि 'रोज एक' असे समजावून सांगितले.

दहाव्या दिवशी मावशी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या. तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता. जीभ आणि गालांची आतली बाजू सोलून निघाली होती, अंगात ताप होता. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तोंड पार सोलून निघालंय बघा. पर एकबी दिवस गोळी चुकवली न्हाई म्या."

हे वाक्य आजही माझ्या कानांत आहे. रुग्णाने औषध नियमित घ्यावे म्हणून आम्ही जन्मभर कानीकपाळी ओरडतो. या बाईंनी आमचे तंतोतंत ऐकले होते, आणि नेमके तेच त्यांच्या जिवावर बेतले होते. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या होत्या. त्यांना तातडीने बेळगावला हलविले, ल्युकोव्होरिन व प्रतिजैविके सुरू झाली, आणि बारा दिवसांनी त्या घरी परतल्या. त्या वाचल्या, यात माझे कर्तृत्व काहीच नाही.

मी औषधविक्रेत्याकडे गेलो तेव्हा मनात राग होता. त्याने चिठ्ठीची प्रत पुढे ठेवली. मी माझेच अक्षर वाचले आणि मलाही ते 'ओ-डी' असेच वाचता आले. तो खालच्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, मी दोनदा वाचलं. फोन करून विचारावं असं वाटलं होतं. पण तुम्ही तपासणीत असता, फोन केला की रागावता." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या चुकीत माझे अक्षर जितके दोषी होते तितकाच माझा स्वभावही दोषी होता. आज इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीचा विचार करताना या दोन दोषांपैकी कोणता दोष यंत्राने दूर होतो आणि कोणता होत नाही, हे मी सतत तपासून पाहतो.

कायदा जुना, विस्मरण नवे

या घटनेनंतर मी औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखालील १९४५ चे नियम काढून वाचले. पदवी परीक्षेनंतर ते प्रथमच वाचत होतो, हे कबूल करायला संकोच वाटतो. नियम ६५ मध्ये चिठ्ठी कशी असावी हे स्पष्ट सांगितले आहे. ती लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची नेहमीची स्वाक्षरी व तारीख असावी, रुग्णाचे नाव व पत्ता असावा, आणि औषधाची एकूण संख्या व घ्यावयाची मात्रा नमूद असावी. मी 'चार गोळ्या, चार आठवड्यांसाठी' एवढे लिहिले असते तर औषधविक्रेत्याच्या लगेच लक्षात आले असते की रोज एक गोळी हा हिशेब जुळत नाही. माझ्या जन्माच्याही आधी लिहिलेला नियम मावशींना वाचवू शकला असता. त्याच नियमात असेही आहे की, डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यावे, आणि देताना दुकानाचे नाव, पत्ता व तारीख तिच्यावर नोंदवावी. आपल्याकडे झोपेच्या गोळ्यांच्या आणि स्टिरॉइडच्या चिठ्ठ्या घडीवर घडी पडून फाटेपर्यंत वर्षानुवर्षे चालतात, हे आपण सर्व जाणतो.

१ मार्च २०१४ पासून परिशिष्ट एच-१ लागू झाले. तिसऱ्या व चौथ्या पिढीतील प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि सवय लावणारी काही औषधे त्यात आली. त्यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर आले. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या २००२ च्या आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असे सांगितले. न्यायालयांनाही यात लक्ष घालावे लागले. २०२० मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या अवाचनीय अक्षराबद्दल कान उपटले. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयापुढे एका जामीन अर्जाच्या वेळी वैद्यकीय अहवाल आला आणि तो वाचताच येईना. सुवाच्य चिठ्ठी व निदान मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा त्या न्यायालयाने दिला. संगणकीय चिठ्ठी रूढ होईपर्यंत मोठ्या अक्षरांत लिहा, असे बजावले आणि वैद्यकीय अभ्यासक्रमात सुवाच्य लेखनाचे धडे द्यावेत असेही सुचविले. ज्या व्यवसायाला समाज आदराने वागवतो त्याला अक्षर गिरवायला लावण्याची पाळी न्यायालयावर यावी, हे आपल्याला भूषणावह नाही.

हा दोष केवळ आपल्या देशाचा आहे असेही नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका हृदयरोग्याला लिहिलेले आयसॉर्डिल हे औषध औषधविक्रेत्याने प्लेंडिल असे वाचले. मात्राही त्यामुळे अवाजवी झाली आणि रुग्ण दगावला. १९९९ मध्ये ज्यूरीने डॉक्टर व औषधविक्रेता या दोघांनाही जबाबदार धरून ४ लाख ५० हजार डॉलरची भरपाई देवविली. दोघांनाही, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

जगाने काय केले

स्वीडनमध्ये पहिली इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी १९८३ मध्येच पाठविली गेली. इंग्लंडमध्ये ही सेवा २००५ पासून टप्प्याटप्प्याने उभी राहिली. एस्टोनियासारख्या छोट्या देशाने २०१० मध्ये देशभर ती सुरू केली. तेथे रुग्ण ओळखपत्र घेऊन देशातील कोणत्याही औषधालयात जातो आणि चिठ्ठी तेथे हजर असते. जर्मनीत सार्वजनिक विमा असलेल्या रुग्णांसाठी १ जानेवारी २०२४ पासून ती सक्तीची झाली.

आपल्या देशात कोरोनाच्या साथीने या प्रवासाला धक्का दिला. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि स्वाक्षरी केलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र किंवा इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी रुग्णाला पाठविण्यास मान्यता मिळाली. चिठ्ठी थेट औषधालयाकडे पाठवायची असेल तर रुग्णाची स्पष्ट संमती हवी आणि औषधालय त्याच्या पसंतीचे हवे, असे त्यात म्हटले आहे. परिशिष्ट एक्समधील व अमली पदार्थ कायद्याखालील औषधे या मार्गाने लिहिण्यास मनाई आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाला आणि 'आभा' हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक आला. इंटरनेटवरून औषधविक्री करण्यासंबंधीच्या नियमांचा मसुदा मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक वर्षे मसुदाच राहिला. म्हणजे रस्त्यावर वाहने धावू लागली, आणि रस्त्याचे नियम मात्र मागून येत आहेत.

आज आपल्या भागात ज्याला इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी म्हणतात ती बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविलेले कागदी चिठ्ठीचे छायाचित्र असते. वाचता न येणाऱ्या अक्षराचे छायाचित्र काढल्याने ते वाचता येऊ लागत नाही. शिवाय तेच छायाचित्र दहा दुकानांत दहा वेळा दाखविता येते. खरी इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी म्हणजे जिच्यावर डॉक्टरची ओळख पडताळता येते, जिच्यात एकूण संख्या लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि एकदा औषध दिले की तशी नोंद होऊन ती बंद होते. या दोन गोष्टींत गल्लत करू नये.

सीमेवरचा रुग्ण

आता आपल्या भागाचा प्रश्न. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, तर बेळगाव जवळजवळ दुप्पट अंतरावर. त्यामुळे आपला रुग्ण हृदयासाठी कोल्हापूरला जातो, मूत्रपिंडासाठी बेळगावला जातो, डोळ्यांसाठी मिरजेला जातो आणि तापासाठी आपल्याकडे येतो. त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत चार ठिकाणच्या चार चिठ्ठ्या असतात. रक्तदाबाची एकच अ‍ॅम्लोडिपिन दोन कंपन्यांच्या नावांनी रोज घेणारे आणि 'पाय का सुजतात' म्हणून विचारणारे रुग्ण मी अनेकदा पाहिले आहेत. दोन्ही डॉक्टरांची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. चूक असते ती त्या दोन चिठ्ठ्यांची एकमेकींशी गाठ न पडण्यात.

सीमाभागाविषयी आपल्या मनात ज्या भावना आहेत त्यांचा ऊहापोह करण्याची ही जागा नव्हे. पण रुग्णापुरते बोलायचे तर आजाराला राज्य नसते. २०२० आणि २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर तपासणी कडक झाली तेव्हा पलीकडच्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षे जाणारे अलीकडचे रुग्ण अडकून पडले. त्या दिवसांत मुलाच्या भ्रमणध्वनीवर आलेल्या चिठ्ठीवर इन्सुलिन मिळालेले लोक आपल्यात आहेत. तेव्हा महाराष्ट्राची एक आणि कर्नाटकाची एक अशा दोन न बोलणाऱ्या व्यवस्था उभ्या राहिल्या तर त्यांचा सर्वांत जास्त फटका आपल्यालाच बसेल. दोन्ही राज्यांच्या यंत्रणा राष्ट्रीय व्यवस्थेशी जोडलेल्या असाव्यात आणि बेळगावात लिहिलेली चिठ्ठी कागलच्या दुकानात वाचता यावी, ही माझी पहिली अट आहे.

दुसरी अट भाषेची. आपल्याकडच्या एकाच घरात आजी मराठी वाचते, नातू शाळेत कन्नड शिकलेला असतो, शेजारचे चाचा उर्दू वाचतात. आणि संगणकातून निघणारी चिठ्ठी सगळ्यांना सारखीच परकी असते. खरे तर यंत्राची सर्वांत मोठी सोय इथेच आहे. औषधाचे नाव इंग्रजीतच राहू द्यावे, पण 'सोमवारी एक गोळी, जेवणानंतर, आठवड्यातून एकदाच' ही ओळ रुग्णाला हव्या त्या लिपीत छापणे संगणकाला मुळीच अवघड नाही. हाताने लिहिताना गर्दीत मला दोन भाषांत लिहिणे जमत नाही, यंत्राला जमते. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत सूचना छापणारी चिठ्ठी हवी, असे आपण संगणकप्रणाली विकणाऱ्यांना ठामपणे सांगितले पाहिजे. ही मागणी भाषेच्या अभिमानाची कमी आणि सुरक्षिततेची अधिक आहे.

पडद्याचेही दोष

माझ्या दवाखान्यात संगणकावर चिठ्ठी लिहिणे सुरू होऊन आता काही वर्षे झाली. सुरुवातीच्या महिन्यातच माझ्या हातून एक नवी चूक घडली. औषधाच्या नावाची पहिली अक्षरे टंकित केली की खाली यादी उघडते. मला अपस्माराच्या एका रुग्णाला क्लोबाझाम लिहायचे होते. बोट शेजारच्या क्लोनाझेपामवर पडले. छापील चिठ्ठी इतकी देखणी होती की तिच्यावर शंका घ्यावी असे कोणाला वाटले नसते. पण औषधविक्रेत्याने जुनी पट्टी पाहिली आणि लगेच फोन केला. २०११ नंतर मी त्याला एक वचन दिले होते की, त्याचा फोन मी तपासणी थांबवून घेईन. ते वचन त्या दिवशी फळाला आले.

तात्पर्य असे की, यंत्र वाईट अक्षर दूर करते. निष्काळजीपणा दूर करीत नाही. अवाचनीय चिठ्ठी निदान शंका तरी उत्पन्न करते. सुवाच्य चूक मात्र निर्धास्तपणे पुढे सरकते. म्हणून चिठ्ठी कोणत्याही रूपात असो, औषधविक्रेत्याने डॉक्टरला प्रश्न विचारण्याचा मार्ग मोकळा राहिला पाहिजे. कायद्याने नोंदणीकृत औषधनिर्माता दुकानात असणे सक्तीचे आहे ते गोळ्या मोजण्यासाठी नव्हे, त्याच्या ज्ञानासाठी.

तिसरा प्रश्न या प्रणाली कोणाच्या हिताच्या असतात, हा. काही प्रणाली आपल्याला फुकट देऊ केल्या जातात. फुकटाचे मोल कोणीतरी कोठेतरी देतच असतो. अमेरिकेत प्रॅक्टिस फ्यूजन नावाची कंपनी डॉक्टरांना अशीच फुकट प्रणाली देत असे. एका औषध कंपनीकडून पैसे घेऊन तिने डॉक्टरांच्या पडद्यावर अफूजन्य वेदनाशामकांकडे वळविणाऱ्या सूचना झळकविल्या, हे उघड झाले आणि जानेवारी २०२० मध्ये तिने १४ कोटी ५० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटविले. डॉक्टरला वाटत होते की पडदा आपल्याला शास्त्र सांगतो आहे. पडदा प्रत्यक्षात माल विकत होता. म्हणून औषधांच्या यादीत कोणती नावे वर दिसतात आणि ती का दिसतात, हे विचारण्याचा हक्क आपण सोडू नये.

चौथा प्रश्न गुप्ततेचा. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. मानसिक आजाराची, क्षयरोगाची किंवा एचआयव्हीची औषधे घेणारा रुग्ण मुद्दाम दूरच्या गावातून औषधे आणतो, हे आपणांस ठाऊक आहे. कागदाची चिठ्ठी तो पदरात किंवा खिशात लपवू शकतो. पण घरात एकच भ्रमणध्वनी असेल आणि तो जावयाच्या किंवा मुलाच्या हाती असेल, तर सुनेच्या औषधाची चिठ्ठी प्रथम कोणाला दिसणार? वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. तो आवश्यकच आहे. पण गल्लीतली गुप्तता पाळण्यासाठी कायद्यापेक्षा डॉक्टरचा एक प्रश्न अधिक उपयोगी पडतो: "ही चिठ्ठी कोणाच्या फोनवर पाठवू, की कागदावर देऊ?"

या प्रश्नातच माझी शेवटची अट आली. कागद हद्दपार करू नये. ज्याच्याजवळ फोन नाही, ज्याला तो चालवता येत नाही, ज्याच्या वाडीवर वीज वा नेटवर्क नसते, त्याच्या हाती छापील प्रत असलीच पाहिजे. इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी औषधालयासाठी आणि छापील प्रत रुग्णासाठी, अशी वाटणी मला योग्य वाटते. आणि गावातले छोटे औषधाचे दुकान या बदलात टिकले पाहिजे. रात्री अकरा वाजता शटर वर करून दम्याचा पंप देणारा माणूस दूरच्या गोदामात बसलेला नसतो. चिठ्ठी आपोआप एखाद्या बड्या विक्रेत्याकडेच जाईल अशी रचना कोणी करू लागले, तर मार्गदर्शक तत्त्वांतील रुग्णाच्या पसंतीचा अधिकार आपण त्याच्यापुढे ठेवला पाहिजे.

आपण काय करू शकतो

सरकार काय करील याची वाट न पाहता आपल्या संस्थेला काही गोष्टी उद्यापासून करता येतील. माझ्या अल्पमतीप्रमाणे मी चार सुचवितो. एक, जे सभासद हाताने लिहितात त्यांनी औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरांत आणि एकूण संख्या न चुकता लिहावी. इन्सुलिनच्या मात्रेपुढे 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, कारण इंग्रजी यू हे अक्षर शून्यासारखे दिसून दहाचे शंभर होतात. दोन, आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधासाठी संक्षेप कायमचा वर्ज्य करून वाराचे नाव लिहावे. तीन, मराठी व कन्नड सूचनांची एक सामायिक, शुद्ध यादी आपण तयार करावी आणि ती कोणत्याही संगणकप्रणालीत घालता यावी अशा रूपात सर्वांना विनामूल्य द्यावी. आपल्या संस्थेत भाषा जाणणाऱ्यांची उणीव नाही, आणि कन्नड भाषक व्यवसायबंधू यात आनंदाने हात लावतील. चार, तालुक्यातील औषधविक्रेत्यांबरोबर वर्षातून दोनदा बसावे आणि घडलेल्या व टळलेल्या चुका नावे न घेता एकमेकांना सांगाव्यात. या चौथ्या सूचनेला एक पैसाही लागत नाही; लागतो तो फक्त मनाचा मोठेपणा.

त्या मावशी पुढे कित्येक वर्षे माझ्याकडे येत राहिल्या. औषध तेच चालू राहिले, आठवड्यातून एकदा. प्रत्येक वेळी मी सोमवार हा वार लिहून देई आणि त्यांचा मुलगा तो त्यांना वाचून दाखवी. पण मावशींचा भरवसा कागदावर नव्हता. त्यांनी घरी एक उपाय काढला होता. औषधाच्या पाकिटाला त्या चार गाठींचा दोरा बांधत आणि दर सोमवारी गोळी घेतली की एक गाठ सोडत. दोरा सुटा झाला की चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येत.

मला ती बाटलीवरची कातरलेली पट्टी आठवली. आमच्या शिक्षणाने जी पट्टी पुसली ती या अक्षरशत्रू बाईने पुन्हा बांधली होती. उद्याची इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी कितीही प्रगत होवो, तिची कसोटी ही एकच: त्या चार गाठींइतकी ती रुग्णाला स्वतःला कळते का? कळत असेल, तर ती आपण मोकळ्या मनाने स्वीकारावी. अस्तु.